पुण्याहून नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात गाडीने: घाट, शेतरस्ते आणि चालकाची सोय

पुण्याहून नाशिकच्या वायनरी पाहायला निघालेली मंडळी आखणी करताना बहुधा दोनच गोष्टी विचारतात: अंतर किती आणि मुक्कामाची खोली कितीला. माझ्या मते या दोन्हींच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. गाडी कोण चालवणार, आणि वाइनच्या थेंबालाही हात न लावता त्या माणसाचा दिवस चांगला जाईल, अशी काही व्यवस्था आपण केली आहे का? हा द्राक्षपट्टा सह्याद्रीच्या कुशीत आहे. एका वायनरीतून दुसरीकडे जाताना कुठे घाट लागतो, कुठे एकाच गाडीपुरता डांबरी रस्ता लागतो, तर कुठे ऊस किंवा कांदा भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे रांगेत चालावे लागते. अशा मुलखात चव घेणे आणि स्टिअरिंग धरणे ही दोन कामे एकाच माणसाकडे कधीही देऊ नयेत, आणि बाकीची सगळी आखणी या एका निर्णयाभोवती करावी.

चालक आधी ठरवावा

‘वाइनने काय होतंय’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते, म्हणून थोडा हिशेब मांडतो. वायनरीत चव घेण्यासाठी साधारण पाच-सहा प्रकारच्या वाइन थोड्या थोड्या दिल्या जातात. एका वेळचे माप ३० मिलिलिटर धरले, तर पाच वेळांचे १५० मिलिलिटर होतात, म्हणजे एक पूर्ण ग्लास. वाइनमध्ये अल्कोहोलचे प्रमाण १३ टक्के धरल्यास त्यातून सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात त्यामुळे अंदाजे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल येऊ शकते, आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या रक्तात हा आकडा ५० च्या आसपास जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधील मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे ‘नुसती चव घेतली’ असे मनापासून सांगणारा माणूसही कायद्याच्या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे असू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

शरीर हे अल्कोहोल स्वतःच्याच गतीने बाहेर काढते. ती गती दर १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण तासाला १५ मिलिग्रॅम इतकी असते आणि माणसागणिक कमीजास्त होते. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याने तोंड धुणे किंवा वर भरपेट जेवण करणे, यांपैकी कशानेही ती वाढत नाही. जेवणानंतर तासभर झाडाखाली पडून घाटाला लागणाऱ्यांना हे समजावून सांगणे अवघड जाते, कारण त्यांना खरोखरच ताजेतवाने वाटत असते.

चालकाच्या बाबतीत तीन पर्याय आहेत. घरातील एकाने दोन्ही दिवस वाइन न घेण्याचे ठरवावे, पुण्याहूनच चालक सोबत न्यावा, किंवा आपली गाडी मुक्कामी लावून वायनरींच्या फेरीपुरती नाशिकची टॅक्सी दिवसभरासाठी ठरवावी. मला तिसरा पर्याय सर्वांत पसंत आहे. स्थानिक चालकाला कोणत्या गावातला रस्ता खोदलेला आहे, कोणत्या फाट्यावर वळायचे आणि पाऊस झाल्यावर कोणता ओढा चढतो, हे नकाशापेक्षा चांगले ठाऊक असते. पुण्याहून चालक नेणार असाल, तर त्यांच्या जेवणाची आणि रात्री पाठ टेकण्याच्या जागेची चौकशी आपली खोली ठरवतानाच करावी. रात्रभर गाडीतच अवघडून झोपलेल्या चालकाच्या हाती दुसऱ्या दिवशीचा घाट सोपवणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, आणि आपल्यासाठी धोक्याचेही आहे. घरातीलच कोणी गाडी चालवणार असेल, तर पसंतीची एक बाटली त्यांच्या नावाने घ्यावी आणि पुण्यात परतल्यावर त्यांनी ती निवांत उघडावी.

पुण्यातून बाहेर पडताना

पुण्याहून नाशिक सुमारे २१० किलोमीटर आहे. या अंतरातला सर्वांत चिवट भाग घाटांचा नाही. तो नाशिक फाटा ते चाकण हा सपाट पट्टा आहे. भोसरी, मोशी आणि चाकणच्या चौकांत कारखान्यांच्या पाळ्या सुटण्या-भरण्याच्या वेळी सापडलात, तर दीड तास तिथेच जातो आणि पुढे तो भरून काढण्याच्या नादात चुका होतात. म्हणून पहाटे साडेपाचच्या सुमारास नाशिक फाटा मागे टाकावा. राजगुरुनगर, मंचर आणि नारायणगावच्या बाह्यवळणांमुळे हा मार्ग आता बराच मोकळा झाला आहे. नारायणगाव परिसरात न्याहारीला थांबणे सोयीचे पडते. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी फसफसणाऱ्या वाइनचा उद्योग उभारला तो याच नारायणगावात, त्यामुळे महाराष्ट्रातील वाइनच्या वाटचालीत पुणे जिल्ह्याला नाशिकच्या आधीचे पान आहे, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

आळेफाट्यापुढे संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरी घाट लागतो. रस्ता चौपदरी झाल्यापासून तो घाट म्हणून अवघड राहिलेला नाही, परंतु उतारावर मालवाहू ट्रक डाव्या मार्गिकेत अगदी हळू चालतात आणि त्यांना ओलांडणारे दुसरे ट्रक उजवीकडे अचानक येतात. तिथे वेग कमी ठेवावा. संगमनेरला इंधनाची टाकी भरून घ्यावी, कारण पुढे डोंगराकडे वळणार असाल तर पंप विरळ होत जातात. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलही पुरेसे ठेवावे. चार माणसे आणि सामान घेऊन खड्या चढावर सीएनजीवर गाडी ओढत नाही असे जाणवले, तर पायथ्याशीच पेट्रोलवर यावे. वळणाच्या मधोमध ती खटपट करू नये.

एका दिवशी एकच पट्टा

नाशिकच्या वायनरी एकमेकींना लागून आहेत असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या तीन-चार दिशांना विखुरलेल्या आहेत. शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा आहेत. राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे वाइनची द्राक्षे लावली, आणि आज पर्यटकांची सर्वाधिक गर्दी याच बाजूला असते. उत्तरेला दिंडोरी तालुका आहे. नैर्ऋत्येला इगतपुरी तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा आणि कावनईजवळ व्हॅलोन आहे. पूर्वेला निफाड तालुक्यात विंचूरचे वाइन पार्क आहे, तो भाग सपाट आहे. यांतला एक पट्टा एका दिवसासाठी घ्यावा आणि त्यातही दोनच वायनरी ठेवाव्यात. तिसरीचा मोह झाला की संध्याकाळ होते, आणि अनोळखी शेतरस्त्यांवर अंधारात गाडी चालवण्याची पाळी येते. माहिती देणाऱ्या फेऱ्या ठरावीक वेळांना सुटतात, शनिवार-रविवारी जागा भरतात, आणि लहान मुलांना कुठे प्रवेश आहे हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. त्यामुळे आदल्या दिवशी फोन करूनच निघावे.

गंगापूरच्या बाजूला जायचे असेल तर सिन्नरवरून सरळ नाशिक गाठावे, त्यात वेगळे सांगण्यासारखे काही नाही. इगतपुरीच्या पट्ट्यासाठी मात्र पुणेकरांनी नाशिक शहरात शिरूच नये. सिन्नरहून घोटीला थेट रस्ता जातो. शिवाय सिन्नर तालुक्यात समृद्धी महामार्गावर चढून भरवीर किंवा इगतपुरीला उतरता येते. समृद्धीवर जाण्यापूर्वी टायरांतील हवा आणि टायरांची झीज न चुकता पाहावी, कारण सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर सलग वेगाने धावताना जुने टायर फुटण्याची भीती असते.

आणखी एक वाट आहे, आणि ती मला सर्वांत प्रिय आहे: संगमनेरहून अकोले, राजूर, भंडारदरा, कळसूबाईच्या पायथ्याचे बारी, आणि तिथून घाट उतरून घोटी. हिला वेळ जास्त लागतो. रस्ता अरुंद आहे, वळणे आंधळी आहेत, आणि पावसाळ्यानंतर खड्ड्यांची खात्री देता येत नाही. तरीही डावीकडे १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई आणि त्याच्या सोबतीची रांग दिसू लागते, तेव्हा या द्राक्षपट्ट्याचे हवामान असे का आहे हे कोणी न सांगता कळते. पश्चिमेचे ढग ही रांग अडवते. इगतपुरीला पाऊस कोसळतो, आणि काही कोसांवर पूर्वेला तो इतका ओसरतो की द्राक्षवेलीला मानवतो. हिवाळ्यात मात्र उंचीमुळे रात्री थंड राहतात. ही वाट जाताना, दिवसाउजेडी घ्यावी. परतताना दमलेल्या अंगाने घेऊ नये.

घाटातील गाडी

चढाला जो गिअर लागेल त्याच गिअरमध्ये उतरावे, हा ताम्हिणी किंवा वरंध घाटात शिकलेला जुना नियम इथेही लागू आहे. इंजिनाने गाडी रोखून धरली की ब्रेक गरजेपुरतेच वापरावे लागतात. उतारावर इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणारे लोक अजूनही भेटतात. असे केल्याने इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना उतारावर पायाखालचा अॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच करतात, त्यामुळे त्या बचतीलाही अर्थ उरलेला नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ‘डी’मध्ये ठेवून ब्रेकवर उतरू नये, हाताने गिअर निवडण्याची किंवा ‘एल’ची, म्हणजे खालच्या गिअरची, सोय आपल्या गाडीत कुठे आहे, हे घरीच पाहून ठेवावे.

हे मी अनुभवाने सांगतो. बारीच्या उतारावर एकदा आमच्या ऑटोमॅटिक गाडीचे ब्रेक मी वळणागणिक दाबत गेलो. आधी काच खाली केलेल्या खिडकीतून जळक्या रबरासारखा उग्र वास आला. तो पुढच्या ट्रकचा असावा असे मी धरून चाललो. त्यानंतर दोन वळणांनी पायाखालचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले. गाडी रुंद जागी कडेला घेतली, तेव्हा पुढच्या चाकाजवळ हात नेताच आच लागत होती आणि जाळीतून बारीक धूर येत होता. अशा वेळी चाकांवर पाणी ओतू नये, कारण तापलेली चकती एकदम निवल्याने वाकू किंवा तडकू शकते. गाडी गिअरमध्ये किंवा ‘पी’मध्ये ठेवून चाकांखाली दगड लावावेत आणि अर्धा तास निव्वळ थांबावे. आम्ही चाळीस मिनिटे थांबलो. पेडल पूर्ववत झाल्यावर पहिल्या गिअरमध्ये उतरलो, आणि घोटीला पोहोचल्यावर ब्रेक दाखवून घेतले.

अरुंद घाटात समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावे. २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही हेच सांगितले आहे, आणि त्याचे कारण उघड आहे: चढावर थांबलेल्या, भरलेल्या गाडीला पुन्हा हलवणे कठीण असते. आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यावा, वळणात आपली बाजू सोडू नये. एसटी समोर आली तर तिच्या मागच्या भागाला वळणात जास्त जागा लागते हे ध्यानात घेऊन आधीच्या रुंद जागीच थांबावे. धुक्यात दिवे खाली पाडून, फॉग लॅम्प लावून सावकाश चालावे. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवण्याची जी सवय पसरली आहे, तिच्यामुळे मागच्याला आपण वळणार की थांबलो आहोत हेच कळेनासे होते. अंधार पडण्याच्या आत घाटाबाहेर असावे. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य डोंगराआड जातो, त्यामुळे शेवटच्या वायनरीतून साडेचारला निघणे हा माझा ठरलेला नियम आहे.

शेतरस्त्यांवर

महामार्ग सोडला की फोनमधील नकाशावर पूर्ण विसंबू नये. तो जवळचा म्हणून शिवाररस्ता दाखवतो, आणि तो रस्ता कधी कॅनॉलच्या भरावावर, कधी कोणाच्या खळ्यात जाऊन संपतो. परिसराचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा, कारण डोंगराच्या आडोशाला रेंज जाते. शंका आली की गाडी थांबवून विचारावे. विचारताना वायनरीच्या इंग्रजी नावापेक्षा गावाचे नाव आणि ‘वाइनचा कारखाना’ असे म्हटले की लवकर उलगडा होतो.

जानेवारी ते मार्च हा वाइनच्या द्राक्षांच्या काढणीचा काळ. या दिवसांत पहाटेपासून क्रेट भरलेले पिकअप आणि ट्रॅक्टर वायनरीकडे येत असतात. कावनईच्या बाजूला अशाच एका रस्त्यावर आमच्या समोर पिकअप आला. जागा करून देण्याच्या घाईत मी डावे चाक डांबराखाली घालणार, तोच त्याच्या चालकाने खाली उतरून हात केला. “कडंला माती भुसभुशीत हाये, चाक घालू नका. मागं आंब्यापाशी जागा हाये, तिथवर घ्या, मी थांबतो.” मी आंब्यापर्यंत मागे गेलो. पिकअप शेजारून गेला तेव्हा क्रेटमधले जांभळे घड हाताच्या अंतरावर होते: बोराएवढे लहान मणी, त्यांच्यावर राखेसारखी लव, आणि वर घोंघावणाऱ्या मधमाश्या. खायच्या द्राक्षांचे टपोरे मणी पाहिलेल्या पुणेकराला ही वाइनची द्राक्षे प्रथम खुजी वाटतात. बागाही वेगळ्या ओळखू येतात: खायच्या द्राक्षांचा वेल बहुधा मांडवावर किंवा इंग्रजी वाय अक्षरासारख्या आधारावर डोक्याएवढ्या उंचीवर पसरतो, तर वाइनच्या द्राक्षांच्या ओळी तारांवर उभ्या चढवलेल्या असतात.

त्या चालकाने सांगितलेली गोष्ट कायम लक्षात ठेवावी. काळ्या मातीची बाजूपट्टी वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते, आणि रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. माल घेऊन निघालेल्या वाहनाला नेहमी आपण वाट द्यावी. तोडलेला घड उन्हात थांबला की त्याची प्रत उतरते, आणि त्यात कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा मोबदला असतो. फोटोसाठी बागेच्या बांधावर गाडी लावू नये, फवारणी चालू असेल तर काचा बंद करून पुढे जावे, आणि विचारल्याशिवाय बागेत पाऊल टाकू नये.

कोणत्या दिवसांत जाऊ नये

पावसाळ्यात या डोंगरांत जावे की नाही, यावर माझे मत असे आहे की गंगापूरच्या बाजूला खुशाल जावे, इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटवाटांवर मात्र मुसळधार पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी जाऊ नये. तसेही त्या दिवसांत वेलीवर फळ नसते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी झाल्यावर काही दिवस बाग नुसत्या काड्यांची दिसते, तेव्हा घड पाहण्याच्या आशेने कोणी येऊ नये. मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याला काजवे पाहायला इतकी गर्दी लोटते की शनिवारी रात्री तो रस्ता पूर्ण कोंडतो. त्या काळात वर सांगितलेली राजूर-बारीची वाट सोडून द्यावी. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरी पायी येतात, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी तिथल्या वाहतुकीवर निर्बंध असतात, आणि चैत्रात व नवरात्रात सप्तशृंगगडाकडे जाणारे भाविक दिंडोरी-वणीच्या रस्त्याने चालत असतात. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वकाळात नाशिक-त्र्यंबकची वायनरी सहल मनातही आणू नये.

बाटल्या आणि परतीचा रस्ता

विकत घेतलेल्या बाटल्यांची पावती जपून ठेवावी आणि बाटल्या सीलबंदच राहू द्याव्यात. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डिकीत वाइन भाजून निघते: बूच वर सरकते, चवीला शिजवल्यासारखा उग्रपणा येतो. म्हणून खरेदी शेवटच्या थांब्यावर करावी, बाटल्या जुन्या चादरीत गुंडाळून माणसांच्या पायाशी, एसीच्या गारव्यात ठेवाव्यात, आणि वाटेत जेवायला थांबल्यास गाडी सावलीत लावावी. मागच्या काचेखालच्या फळीवर बाटली कधीही ठेवू नये. जोरात ब्रेक लागला तर ती थेट पुढच्यांच्या डोक्यावर येते.

रविवारी परतणार असाल तर दुपारी एकच्या आत नाशिक सोडावे, म्हणजे चाकणची संध्याकाळची कोंडी चुकते. ते जमत नसेल, तर संगमनेर किंवा नारायणगावला शांतपणे जेवून रात्री नऊनंतर चाकण गाठावे, आणि मधल्या वेळात चालकाला अर्धा तास डोळा लागला तर त्यांना उठवू नये.